कदमांची लेक

गाडी जुंपून झाली होती. शेवंता गोणपाटावर पाय पसरून बसली होती, उशाला कपड्यांचं बोचकं. तिची सासू बायजा साटीच्या फळीला धरून गाडीत चढायच्या खटपटीत होती. मी पुढं जाऊन बैलाची वेसण धरली.

"बायजा, आज पोरीला हलवू नको. पोट खाली उतरलंय तिचं."

"वेसण सोड, साळू."

"दोन दिवसांची वाट हाय. आधी एस्टी, मग मालट्रक, मग घाट. वाटेत काय झालं तर कुणाच्या नावानं बोंब मारशील?"

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तुझं झालं, माझं झालं. माझ्या सुनेचं सासरी का म्हणून करू?"

"माहेर जवळ असतं तर मीच पाठवली असती की."

"जवळ न्हाई हा काय तिचा दोष? का माझा?" बायजानं पदरानं तोंड पुसलं. "गाव गेलं. देवी अजून पोत्यात बांधून ठेवलीया. एवढी एक रीत उरलीया हातात, ती पण बुडवू म्हणतीस?"

बायजा हट्टी होती, पण खोटं बोलत नव्हती.

आम्ही करंजोशीचे. डोंगरातलं गाव, भाताची खाचरं, बाराही महिने वाहणारा झरा. धरण झालं आणि सगळं पाण्याखाली गेलं. सरकारनं आम्हाला ट्रकात घातलं आणि सोलापूरकडच्या उघड्याबोडक्या माळावर आणून उतरवलं. पत्र्याची घरं एका ओळीत उभी होती. झाड औषधालाही नव्हतं. त्या जागेला आम्ही 'नवं करंजोशी' म्हणायचो, बाकी मुलूख आम्हाला 'धरणवाले' म्हणायचा. मी तिथली सुईण. माझ्या हातची पोरं धरणानं चार जिल्ह्यांत पांगवली होती. माझ्या वाट्याला आली ती शेलारांची भावकी. नव्या करंजोशीतलं प्रत्येक घर शेलारांचं, म्हणजे शेवंताला प्रत्येक घर सासरच. माझं धरून. नाहीतर मीच तिला माझ्या घरात ओढली असती आणि म्हटलं असतं, हे घे तुझं माहेर.

तिचं खरं माहेर वाघोणे, तेही बुडालं होतं. तिच्या आईबापांना जमीन मिळाली ती घाटाखाली, कोकणात. गेल्या उन्हाळ्यात आमच्यातली एक पोर अशीच रीत पाळायला निघाली आणि एस्टी स्टँडच्या बाकावर बाळंत झाली. ती वाचली. मूल गेलं. शेवंताच्या पायांवर सूज होती, अंगानं ती काडी, आणि आदल्या दिवशी मी पोट चाचपून बघितलं तेव्हा मूल पार खाली सरकलेलं हाताला लागलं होतं. ही पोर घाट उतरायची नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

मी वेसण सोडली आणि माझी पिशवी घेऊन गाडीत चढले.

"तू कुठं?" बायजा म्हणाली.

"स्टँडपतोर. का गाडीला माझं वजन हुतंय?"

गाडी हाकायला शेवंताचे सासरे दाजीबा होते. हा माणूस इतका कमी बोलायचा, की लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर भटजींनी त्यांना दोनदा विचारलं होतं, ऐकू येतं ना म्हणून. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बैलांना हाक दिली आणि आम्ही निघालो.

स्टँडची वाट ओढा ओलांडून तरटगावातून जायची. तरटगावाला आम्ही डोळ्यांसमोर नको होतो आणि त्याला कारण होतं. आम्हाला दिलेली जमीन त्यांच्याकडून काढून घेतलेली. त्यातली ओढ्याकाठची काळी, सगळ्यात उत्तम जमीन रंगराव कदमांची, आणि ती नेमकी दाजीबांच्या वाट्याला आलेली. ज्या दिवशी मोजणी झाली त्या दिवसापासून रंगराव ओढा ओलांडून आला नव्हता. त्याच्या विहिरीचं पाणी गोड, आमच्या हापशाचं मचूळ. पण आमच्यातली बाई घागर घेऊन त्याच्या विहिरीकडं गेली, की तो काही न बोलता काठावर येऊन उभा राहायचा. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. बायका तशाच माघारी यायच्या.

आम्ही ओढा ओलांडला. चढावर गाडीला हिसका बसला आणि शेवंता माझा पदर धरून "आत्या" म्हणून किंचाळली. मी गोणपाटाला हात लावला. ओलं झालं होतं.

"गाडी थांबवा दाजीबा. पाणमोट फुटली."

बायजाचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "माघारी वळवू?"

"नको! घरात नको."

"मग काय हितं, वाटंवर?"

"साळू, मला काय सुचत न्हाई गं. तूच सांग काय करू."

शेवंतानं माझं मनगट धरलं होतं. तिच्या अंगात एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे. "आत्या, मला आईकडं न्या. मला आईकडं जायचंय," एवढंच ती म्हणत होती. उन्हात घामानं भिजलेली, ओठ कोरडे. ते ऐकून मला रडू फुटायचं बाकी होतं. पण सुईण रडायला लागली तर बाळंतिणीनं काय करायचं? मी मान वर केली. चढाच्या टोकाला रंगराव कदमाचं घर होतं. मोठं अंगण, दारात कडुनिंब.

कदम. शेवंता माहेरची कदम.

"दाजीबा," मी म्हटलं, "गाडी त्या अंगणात घ्या."

दाजीबांनी वळून माझ्याकडं बघितलं. मग बैलांची शेपटी पिरगाळली.

रंगराव ओसरीवर सुतळी वळत बसला होता. भरघोस मिश्या, रुंद छाती, कपाळाला आठ्या. गाडी अंगणात शिरताना बघून तो उठून खाली आला.

"हितं कशाला? पाणी पाजायला आला असाल तर पुढं व्हा."

मी गाडीतून खाली उतरले. पदर डोक्यावर नीट घेतला. "पाणी न्हाई मागत. तुमची लेक घेऊन आलोय."

"कुणाची लेक?"

"कदमांची. वाघोण्याच्या कदमांची लेक हाय ही. पहिलटकरीण हाय, बाळंतपणाला माहेरी आलीया."

रंगराव माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "बाई, डोकं ठिकाणावर हाय का? वाघोणं कुठं, आम्ही कुठं? कदम काय मूठभरच हाईत?"

"कदम तो कदम. भाऊच की."

"आणि जमीन घेताना भाऊ न्हाई दिसला व्हय?"

एवढ्यात आतून त्याची आई बाहेर आली. म्हाळसाबाई. कमरेत वाकलेली, पण नजर सुईसारखी. हाताला पीठ लागलेलं होतं. तिनं गाडीत बघितलं, शेवंताकडं, तिच्या पायांकडं, मग माझ्या पिशवीकडं. ती काय समजायचं ते समजली.

"काय म्हणतीया ही?"

"म्हणतीया आपली लेक हाय," रंगराव म्हणाला. "धरणवाल्यांची सून."

म्हाळसाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "नुसत्या आडनावानं कुणी भाऊ हुत न्हाई. आडनावं छप्पन्न मिळत्यात. देवक काय तुमच्या पोरीचं?"

आता आली का पंचाईत! देवक म्हणजे कुळाची खूण. लग्नात पुजायचं झाड, वेल नाहीतर पक्ष्याचं पीस. देवक एक निघालं तर रक्त एक, मग सोयरीक होत नाही, पण भाऊपणा नाकारता येत नाही. शेवंताचं देवक काय, हे मला कुठून ठाऊक असणार? मागं बायजानं तोंड उघडलं. मी हात मागं नेऊन तिच्या दंडाला असा चिमटा घेतला, की तिचं तोंड मिटलं.

"देवक ना?" मी म्हटलं.

"व्हय, देवक. कळंबाचंच ना?" म्हातारी म्हणाली.

"कळंबाचंच," मी म्हटलं. देव पावला असं वाटलं मला.

रंगरावानं आईकडं बघितलं. काही तरी बोलायला म्हणून त्यानं तोंड उघडलं. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती माझ्याकडंच बघत होती. गाडीत शेवंता कण्हली.

"बाजूला हो रंगा," म्हातारी म्हणाली. "पोर उन्हात हाय."

आणि रंगराव बाजूला झाला.

म्हाळसाबाईनं आणि मी शेवंताला उतरवून माजघरात नेलं. मला वाटलं, बायजा मागोमाग येईल. ती अंगणातच थांबली. मी दारातून म्हटलं, "येतीस ना?"

"मी कशी येणार? लेकीच्या बाळंतपणाला विहीण माहेरी थांबत न्हाई. आम्ही घरी जातो. सांगावा धाडा."

एवढ्या धांदलीतही मला हसू आलं. आत्ताच तिनं माझ्या कानात फुसफुसून सांगितलं होतं, "साळे, तिचं देवक उंबराचं हाय गं!" आणि आता तीच विहीण होऊन बसली. गाडी माघारी गेली.

रंगराव ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. त्याचा आवाज आत येत होता. "आई, माझ्या बापाची जमीन ह्यांनी घेतली आणि तू ह्यांच्या पोरी घरात घेतीस."

"ह्या पोरीच्या पोटात हाय त्यानं सातबारावर अंगठा केलाय का?" म्हातारी आतून ओरडली. "चुलीवर हंडा ठेव आणि बडबड बंद कर."

आमच्या डोंगरात बाळंतीण गुडघ्यावर बसते आणि आढ्याला बांधलेला दोर धरते. कळ आली की दोराला लोंबकळायचं, गेली की सोडायचं. म्हाळसाबाईनं पोतं आणलं होतं, तरटगावची रीत पोत्याला टेकायची. पण शेवंतानं आमच्याकडच्या बायका दोर धरतात हेच लहानपणापासून ऐकलेलं. ती "दोर, दोर" म्हणत होती.

"दोर पाहिजे जाड," मी म्हटलं. "हाताला न कापणारा."

म्हातारीनं हाक मारली. रंगराव दाराशी आला, मान वळवून, भिंतीकडं बघत.

"मोटंचा नाडा सोडून आण."

"विहिरीचा? आणि भिजवण?"

"भिजवण उद्या कर."

तो गेला. नाडा घेऊन आला, शिडी लावली आणि आमच्याकडं पाठ करून वर चढला. तेवढ्या वेळात मी शेवंतावर लुगडं पांघरलं होतं. त्यानं आढ्याला दोन वेढे दिले, गाठ मारली. मग खाली उतरला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, दोन्ही हातांनी तो नाडा धरून पाय वर उचलून लोंबकळला. एवढा धिप्पाड माणूस, मिश्या ताठ, डोळे गच्च मिटलेले, माझ्यासमोर हवेत लोंबत होता. आढं करकरलं पण हललं नाही. "धरंल," एवढं म्हणून तो बाहेर गेला. कळांच्या मध्येच शेवंता खुदकन हसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली होती.

मग बराच वेळ काही सुधरलं नाही. मूल पुढं सरकायचं, पुन्हा मागं जायचं. शेवंताची ताकद संपत चालली. म्हाळसाबाई तिच्या पाठीमागं बसून तिला छातीशी धरून होती आणि कानात काहीबाही बोलत होती, "असंच, बाय माझी, असंच. तुझ्या आईनं असंच केलं." तिची आई कधी बघितली होती या बाईनं? पण शेवंताला ते खरं वाटत होतं, आणि मलाही. मी तेल लावलेल्या हातानं वाट मोकळी करत होते. तोंडानं हसत होते आणि मनात एकच घोकत होते. ही पोर हातातून गेली तर बायजा मला माफ करेल, शेवंताची आईही कदाचित करेल, पण मी करणार नव्हते.

ऊन अंगणातून ओसरीवर चढलं तेव्हा मूल आलं. मुलगी. निळी पडलेली, ढिली, आणि मुकी.

म्हातारीनं हातात काशाची थाळी धरली होती. मूल रडलं की वाजवायची रीत. ती थाळी तशीच धरून बसली.

"रडंना का गं ती?" शेवंता विचारत होती. "आत्या, रडंना का?"

मी नाळ कापली नाही. तोंडातली घाण बोटानं काढली, पायांना चोळलं. वार पडली तशी ती कोमट पाण्याच्या परातीत घेतली आणि हंड्यातलं कढत पाणी थोडं थोडं ओतत राहिले. माझ्या सासूची शिकवण ती. वारेला ऊब दिली की नाळेतून जीव पोरात उतरतो, असं ती म्हणायची. खरं की खोटं मला ठाऊक नाही. पोटाकडून बोटांनी नाळ निथळत मी पोरीच्या तोंडावर फुंकर मारत होते. तिच्या छातीवर माझं बोट होतं. बोटाखाली काहीतरी धडधडत होतं, अगदी बारीक.

"ये बाय," मी म्हटलं. "एवढं तंडून तुला घर मिळवलंय. आता ये."

तिनं उचकी दिली. मग दुसरी. मग तिनं असा टाहो फोडला, की आढ्यावरचं कबूतर उडालं. म्हातारीनं थाळी एवढ्या जोरात बडवली, की तिचा काठ चेपला.

बाहेर रंगरावाची येरझार थांबली. "काय झालं?"

"लेक!" म्हातारी ओरडली. "सासरी सांगावा दे."

सांगावा द्यायला माणूस धाडायचा तर सुना, गडी, सगळी रानात गेलेली. मी दारात जाऊन बघितलं. रंगराव तरातरा ओढ्याकडं चालला होता. ओढ्याच्या अलीकडं तो थांबला. एक पाऊलही पुढं नाही. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यानं पलीकडं हाक दिली, "लेक झालीय! दोघी बऱ्या हाईत!" आणि उत्तराची वाटही न बघता माघारी फिरला.

सव्वा महिना शेवंता तिथं राहिली. मी रोज ओढा ओलांडून जायची, मायलेकींना तेल लावायला, शेक द्यायला. आमच्याकडच्या बायकाही बाळ बघायला यायला लागल्या. येताना प्रत्येकीच्या काखेत घागर. बाळ बघायला घागर कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. रंगराव ओसरीवर बसून सुतळी वळायचा आणि विहिरीकडं पाठ करायचा.

पाचवीच्या दिवशी आम्ही दोघी पोरीला न्हाऊ घालत होतो. म्हाळसाबाईनं पाय लांब केले होते, पोर तिच्या पायांवर पालथी, मी पाणी घालत होते. म्हातारी सहज विचारावं तशी म्हणाली, "साळू, देवक काय गं खरं पोरीचं?"

माझा हात तांब्यासकट थांबला. "कळंब."

"कळंबाचं झाड बघितलंस का ह्या मुलखात कुठं?"

मी तांब्या पुन्हा पाण्यात बुडवला.

"तुमच्या डोंगरात असंल. हितं शपथेला न्हाई. आमचं देवक वासनवेल. पिढ्यान् पिढ्या." तिनं पोरीच्या पाठीवर हात फिरवला. "मी मुद्दाम कळंब म्हटलं. म्हटलं बघू, ही बाई काय म्हणतीया. तू तर मान डोलवून मोकळी."

माझं तोंड भाजल्यासारखं झालं. चार गावांत मी सगळ्यात चतुर, असं मला वाटायचं. या वाकलेल्या म्हातारीनं मला सापळा लावला होता, आणि मी उडी मारून त्यात बसले होते.

"मग आत का घेतलंत?" मी विचारलं.

पोरीला उचलून तिनं पंच्यात गुंडाळलं, छातीशी धरलं.

"मला लेक न्हाई, साळू. सगळे ल्योकच झाले. ह्या घरातल्या सुना पोटुशी राहिल्या की माहेरी जायच्या आणि पोरं घेऊन यायच्या. तयार पोर दारात यायचं. मी एवढी म्हातारी झाले, पण माझ्या माजघरात पहिलटकरीण कधी बसली न्हाई. लेक असल्याबिगर घराचं माहेर कसं हुणार?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते लपवत नव्हती. "तू दारात आलीस आणि म्हणालीस, तुमची लेक आणलीया. मला असं कधी कुणी म्हणालं न्हाई गं. खोटं तर खोटं. मी का सोडू?"

मी तांब्या खाली ठेवला आणि तिच्या पायांना हात लावला. दुसरं काय करणार?

मग माझ्या ध्यानात आलं. "अहो, पण रंगराव! ते तिथंच हुते की उभे. त्यांना स्वतःचं देवक ठाऊक असणारच."

"त्याच्या लग्नात त्यानंच वेल तोडून आणला हुता," म्हातारी म्हणाली. "तोंड उघडलं हुतं त्यानं. बघितलंस न्हवं? मग मिटलं. का मिटलं ते मला इचारू नको, त्यालाच इचार."

मी विचारलं, पण फार उशिरा, पाठवणीच्या दिवशी.

त्या दिवशी शेवंताला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. माहेराहून पाळणा द्यायची रीत, तो रंगरावानं सुताराकडून बाभळीचा करून घेतला होता. गाडी होती, तरी गाडीत पाळणा ठेवला नाही, स्वतःच्या डोक्यावर घेतला. शेवंता पोर घेऊन पुढं, मी मधे, तो मागं. म्हातारी दारात उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून.

चढ उतरताना मी जरा मागं राहिले. "रंगराव, देवक निराळं असलेल्या पोरीचा पाळणा डोक्यावर घेऊन निघालात की."

तो चालत राहिला. डोक्यावरचा पाळणा सावरत म्हणाला, "देवक सोयरीक जुळवताना बघत्यात. बाळंतपणाला कोण बघतंय?"

ओढा आला. पलीकडं नवं करंजोशी जमलं होतं. बायजा आरतीचं ताट घेऊन, दाजीबा खांद्यावर टॉवेल टाकून. रंगराव अलीकडं थांबला. पलीकडच्या काठापासूनच ती काळी जमीन सुरू होत होती, त्याच्या बापाची. त्यात आता दाजीबांची ज्वारी उभी होती. त्यानं पाळणा डोक्यावरून उतरवला आणि माझ्यापुढं धरला.

"हितनं पुढं तुम्ही न्या."

मी हात पुढं केला नाही. शेवंता पाण्यात उतरली होती. ती वळली. या सव्वा महिन्यात ती त्याला तात्या म्हणायला लागली होती.

"तात्या," ती म्हणाली, "माहेरचं माणूस उंबऱ्यापतोर येतं. मी एकटी गेले तर लोक म्हणतील, हिला माहेरच न्हाई."

रंगराव तसाच उभा राहिला. त्याच्या मिश्या हलत होत्या. मग त्यानं पाळणा पुन्हा डोक्यावर घेतला, धोतर वर खोचलं आणि ओढ्यात पाय घातला.

तो बांधावरून चालला, ज्वारीकडं न बघता, मान ताठ. निम्म्या वाटेवर त्याचं पाऊल अडखळलं. तो थांबला. ज्वारीकडं बघितलं. दोन ताटं हातानं बाजूला केली, आत डोकावला. त्याच्या कपाळाच्या आठ्या वाढल्या आणि मला वाटलं, झालं, आता इथं भांडण होणार.

"दाजीबा!" तो कडाडला. "ही ज्वारी कुणी पेरली?"

दाजीबा पुढं आले. "मी."

"एवढी दाट? ही नाचणी हाय व्हय? ह्या मुलखात पाऊस पडून गेल्यावर जमिनीतल्या ओलीवर ज्वारी येती. एवढी दाट पेरल्यावर एकमेकींचं पाणी खातील, कणीस भरंल कुठनं?"

आम्ही डोंगरातली माणसं. आमच्याकडं दाट पेरायचं आणि उरेल ते पावसावर सोडायचं. दोन वर्षं आमची कणसं पोकळ निघत होती, आणि आम्हाला वाटत होतं, जमीन आम्हाला आपलं म्हणत नाही. कुणाला विचारायचं तर विचारायला ओढ्यापलीकडं कोण होतं?

"आणि त्या कोपऱ्यात पेरलीच कशाला? तिथं चोपण हाय, खारवट माती. माझा बाप तिथं करडई टाकायचा." डोक्यावर पाळणा तसाच होता. "औंदाचं गेलं. पुढल्या पेरणीला पाभर मी धरतो. मला बोलवा."

दाजीबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. या माणसाला मी गावात आल्यापासून एवढं लांब वाक्य बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"बोलवायचं कशाला, व्याही?" ते म्हणाले. "लेकीच्या घरी यायला बोलावणं लागतंय व्हय?"

बायजानं पोरीला ओवाळलं, शेवंताच्या पायांवर पाणी घातलं, मग रंगरावाच्याही पायांवर घातलं. त्यानं पाळणा दोन्ही हातांनी सांभाळला आणि मान खाली घालून तो त्या पत्र्याच्या घरात शिरला.